लघुग्रहावरचा चुरा वाचायचा कसा: एका चाळणीवालीची रीत

माझी सगळी नोकरी चाळण्या हलवण्यात गेली. बांधकाम साहित्य तपासणारी प्रयोगशाळा होती. खडी यायची, वाळू यायची, मुरूम यायचा. आम्ही माल वाळवायचा, चाळण्यांच्या उतरंडीवर ओतायचा, यंत्र सुरू करायचं आणि शेवटी प्रत्येक चाळणीवर काय उरलं ते तोलायचं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका चाळणीची जाळी कडेला बोटभर फाटली आणि महिनाभर कुणाला पत्ता नाही. तळाच्या भांड्यात भुकटी जास्त येतेय म्हणून मी माल पाठवणाऱ्यांना बोल लावत होते. खरं तर वरच्या चाळणीवर एवढं कमी का उरतंय, हे विचारायला हवं होतं.

तो महिना मला 2019 मध्ये पुन्हा आठवला. ओसायरिस-रेक्स हे यान तेव्हा बेनू या लघुग्रहाभोवती फिरत होतं आणि कॉस्मोक्वेस्ट या प्रकल्पाला फोटोतले दगड मोजायला स्वयंसेवक हवे होते. दगड मोजणं मला नवीन नव्हतं. बसले. तेव्हापासून संध्याकाळचे दोन तास याच कामात जातात. इरॉस, इटोकावा, र्‍युगू, बेनू, डायमॉर्फस या लघुग्रहांचे फोटो उघडायचे आणि तिथला चुरा कुठून आला, कसा बनला, याचा अंदाज बांधायचा. ही रीत मी स्वतः चुकत चुकत बसवली आहे. तुम्हालाही जमेल.

साहित्य फार लागत नाही. फोटो फुकट आहेत: नासाचे प्लॅनेटरी डेटा सिस्टिममध्ये, जपानच्या जाक्सा संस्थेचे डार्ट्स या संग्रहात. शिवाय एक साधा कॅल्क्युलेटर, पारदर्शक बरणी, पसरट ट्रे, थोडी कोरडी वाळू, थोडी खडी, एक खडू आणि थर्माकोलचा तुकडा.

नावाचं एवढ्यातच आटपू. शास्त्रज्ञ या थराला रेगोलिथ म्हणतात. जॉर्ज मेरिल या अमेरिकी भूवैज्ञानिकाने 1897 मध्ये हा शब्द घडवला. ग्रीकमध्ये ‘रेगोस’ म्हणजे पांघरूण आणि ‘लिथोस’ म्हणजे दगड. मी चुरा म्हणते, आणि त्यात भुकटीपासून घराएवढ्या धोंड्यापर्यंत सुटं पडलेलं सगळं आलं. आपल्याकडचा मुरूम पाणी, हवा आणि झाडांची मुळं मिळून बनवतात. तिथे यातलं काही नाही, तरी चुरा आहे. तो आहे याचंच आधी लोकांना आश्चर्य वाटलं होतं. एवढ्याशा गुरुत्वावर काय टिकणार, लहान लघुग्रह म्हणजे उघडा कातळ असणार, असा बऱ्याच जणांचा अंदाज होता. 2005 मध्ये हायाबुसा यान इटोकावाला पोचलं आणि अवघ्या 535 मीटर लांबीच्या त्या लघुग्रहावर खडीचं मैदान दिसलं.

आधी सूर्य शोधा, मग फूटपट्टी

फोटो उघडल्यावर लगेच दगड मोजू नका. उजेड कुठून येतोय ते बघा. आपल्या डोळ्यांना उजेड वरून यायची सवय असते. फोटोत तो खालून आला की खड्डे टेकड्यांसारखे दिसतात आणि टेकड्या खड्ड्यांसारख्या. मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवून ज्यांना फुगवटे म्हणून खुणा केल्या, ती सगळी विवरं निघाली. उपाय सोपा आहे. उजेड वरून येईल असा फोटो फिरवून घ्यायचा. एवढंच.

दुसरं म्हणजे मोजमाप. या फोटोत माणूस नसतो, झाड नसतं, विजेचा खांब नसतो, धुकंही नसतं. एक सेंटिमीटरचा खडा आणि वीस मीटरचा धोंडा दिसायला अगदी सारखे असतात. नुसत्या नजरेवर विसंबाल तर फसाल. प्रत्येक फोटोबरोबर माहितीची फाइल असते, त्यात एका पिक्सेलमध्ये किती सेंटिमीटर मावतात ते दिलेलं असतं. तो आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा. चार-पाच पिक्सेलपेक्षा लहान दगड मोजायचा नाही, हा माझा नियम. आणि दगडाची लांबी मोजताना सावली मोजू नका. सूर्य तिरपा असला की सावली दगडाच्या दुप्पट लांब पडते. बेनूवर माझे पहिले पाचपन्नास ‘दगड’ म्हणजे अर्ध्याहून जास्त काळोखच होता.

मोजून झालं की नेहमीच्या चाळणीच्या आलेखासारखा आलेख काढा: आडव्या अक्षावर आकार, उभ्या अक्षावर त्या आकाराहून मोठे दगड किती. दोन्ही अक्षांवर मोजपट्टी दहा-दहा पटींची घ्या, नाहीतर डाव्या बाजूला नुसती गर्दी होईल. साधारण तिरपी सरळ रेषा येते: मोठे थोडे, लहान भरपूर. बारीक आकाराकडे ही रेषा आडवी पडायला लागली तर बारीक माल कमी आहे असं लगेच जाहीर करू नका. बहुतेक वेळा कॅमेऱ्याला ते दिसलेले नसतात, म्हणजे आपलीच जाळी फाटलेली असते. त्याच जागेचा जवळून घेतलेला फोटो शोधा आणि पुन्हा मोजा. तरीही रेषा वळत असेल तर मात्र सरसावून बसा. मग तो बारीक माल बनलाच नाही, की बनून गेला कुठे, हे शोधायचं.

पळून जायला किती वेग लागतो

हा हिशेब मी प्रत्येक लघुग्रहासाठी सर्वांत आधी करते आणि तुम्हीही करा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पृष्ठभागावरून उडालेला खडा परत येणार की कायमचा जाणार, हे मुक्तिवेगावर ठरतं. त्याचं सूत्र पुस्तकात मिळेल, पण एक सोपी युक्ती आहे. घनता पाण्याच्या दुप्पट असेल तर त्रिज्या जितके किलोमीटर, मुक्तिवेग सेकंदाला जवळजवळ तितकेच मीटर. घनता वेगळी असेल तर तिला दोनने भागा, वर्गमूळ काढा आणि त्याने गुणा.

बेनूवर करून बघू. व्यास सुमारे 490 मीटर, म्हणजे त्रिज्या 0.245 किलोमीटर. घनता 1.19, म्हणजे पाण्यापेक्षा जेमतेम जास्त. 1.19 भागिले 2 म्हणजे 0.595, त्याचं वर्गमूळ 0.77. गुणाकार आला सेकंदाला 0.19 मीटर. वीस सेंटिमीटर धरा. रांगणारं बाळ बरं म्हणावं असा वेग! टिचकी मारून उडवलेला खडा तिथे पुन्हा खाली येणार नाही.

आता इरॉस. सरासरी त्रिज्या साधारण 8.4 किलोमीटर, घनता 2.67. उत्तर येतं सेकंदाला दहा मीटरच्या आसपास. वेस्टा या मोठ्या लघुग्रहाचा व्यास 525 किलोमीटर, घनता सुमारे 3.46, तिथे उत्तर सेकंदाला 345 मीटरच्या आसपास येतं. आपल्या चंद्रावर सेकंदाला 2.38 किलोमीटर. हे चार आकडे एकाखाली एक लिहा. लघुग्रहांच्या पट्ट्यात दोन दगड एकमेकांवर आदळतात ते साधारण सेकंदाला पाच किलोमीटर वेगाने. अशा धडकेत उडालेल्या मालातला वेगवान भाग चंद्रावरही काही प्रमाणात निसटतो, वेस्टावर बराचसा परत पडतो, इरॉसवर मोठा वाटा हातचा जातो, आणि बेनूवर जो अगदी रेंगाळत उडाला तेवढाच उरतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: लघुग्रहावर दिसतो तो बनलेला चुरा नसतो, उरलेला चुरा असतो. चाळणीवर जसं उरतं तसं.

गिरणी पहिली: धडक

धडकेने चुरा कसा बनतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. खुणा मात्र सांगते. विवराच्या भोवती धोंडे विखुरलेले दिसले, त्यांच्या कडा धारदार दिसल्या आणि विवरापासून लांब जाताना ते विरळ होत गेले, तर तो धडकेचा माल. इरॉसवर नियर-शूमेकर यानाने घेतलेल्या फोटोंमध्ये हजारो मोठे धोंडे मोजले गेले आणि त्यांतले बहुतेक साडेसात किलोमीटर रुंदीच्या एकाच विवरातून उडालेले निघाले. त्या विवरालाही शूमेकर हेच नाव आहे. अख्ख्या 34 किलोमीटर लांबीच्या लघुग्रहावर पसरलेली खडी एकाच खाणीतली!

धडकेत काय निसटतं हे 26 सप्टेंबर 2022 ला सगळ्या जगाने पाहिलं. डार्ट यान सेकंदाला सहा किलोमीटरहून जास्त वेगाने डायमॉर्फसवर आदळलं. दीडएकशे मीटरचा तो छोटा लघुग्रह डिडिमॉस या आपल्या मोठ्या जोडीदाराभोवती फिरतो. धडकेनंतर त्याचा फेरा अर्ध्या तासाहून जास्त कमी झाला, आणि ते नुसत्या यानाच्या धक्क्याने झालं नाही. उलट दिशेने उडालेल्या मालाने त्याला आणखी रेटलं. पुढे हबल दुर्बिणीला त्याच्यापासून हळूहळू दूर सरकणारे 37 धोंडे दिसले, सर्वांत मोठा जवळजवळ सात मीटरचा. माणूस रमतगमत चालतो त्याहूनही संथ चालले होते, पण तेवढा वेगही तिथून सुटायला पुरेसा होता.

एक प्रयोग करून बघाच. ट्रेमध्ये तीन बोटं जाड वाळू पसरा आणि डोक्याएवढ्या उंचीवरून गोटी सोडा. सुबक विवर मिळेल. आता त्याच वाळूवर गोटीएवढ्या खडीचा एक थर द्या आणि पुन्हा सोडा. विवर पडतच नाही; एखादा खडा उडतो, दोन सरकतात, संपलं. धडकेची ताकद वरच्या खडीतच जिरते. इटोकावा आणि बेनूवर लहान विवरं इतकी कमी का, याचं एक कारण तुमच्या ट्रेमध्ये आहे. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा गोटी उसळून चष्म्यावर आली. ट्रेभोवती पुठ्ठा उभा करा.

गिरणी दुसरी: ऊन

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांना ही गिरणी माहीतच नसते आणि लहान लघुग्रहांवर हिचीच चलती आहे.

बेनूचा दिवस 4.3 तासांचा. वर्षाचे तास भागून बघा: वर्षाला दोन हजारांहून जास्त वेळा ऊन येतं आणि जातं. हवा नाही, त्यामुळे मधला टप्पा नाही. दिवसा दगडाचा पृष्ठभाग पाण्याच्या उकळबिंदूच्या वर जातो, रात्री गोठणबिंदूच्या कितीतरी खाली. दगडात वेगवेगळी खनिजं असतात, प्रत्येकाचं फुगणं-आकसणं वेगळं. त्यात बाहेरचा थर तापलेला आणि आतला अजून गार. ओढाताणीत बारीक चीर पडते, पुढच्या फेऱ्यात केसभर पुढे सरकते. एका दिवसात काही दिसत नाही. लाख वर्षांत दगड दुभंगतो.

हे फक्त कागदावरचं नाही. 2014 मध्ये मार्को देल्बो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन अशनींचे, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांचे, तुकडे, त्यातला एक मर्चिसन या प्रसिद्ध कार्बनी अशनीचा, प्रयोगशाळेत चारशेहून अधिक वेळा तापवून गार केले आणि आतल्या चिरा वाढताना मोजल्या. त्यांचा निष्कर्ष असा की काही सेंटिमीटरचे दगड सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने जितक्या लवकर फुटतात, त्याहून लवकर या उन्हाने फुटतात.

फोटोत ओळखायचं कसं? धडकेचा माल उडतो, उन्हाचा माल जागेवर सांडतो. म्हणून असा धोंडा शोधा ज्याच्या पायाशीच त्याचे तुकडे पडलेत आणि तुकड्यांचा रंग धोंड्यासारखाच आहे. मनातल्या मनात तुकडे परत जोडून बघा. जुळले तर ऊन. दुसरी खूण म्हणजे पापुद्रे. बेनूवरच्या काही शिळांवर पृष्ठभागाला समांतर थर सुटत आलेले दिसतात, जुन्या भिंतीचा रंग सुटावा तसे. तिसरी खूण, धोंड्याच्या आरपार गेलेली सरळ भेग.

आणि लक्षात घ्या, या गिरणीचा माल जवळजवळ वेग न घेताच पडतो. वीस सेंटिमीटरच्या मर्यादेत तो आरामात बसतो. म्हणून लहान लघुग्रहावर धडकेचा बहुतेक चुरा उडून गेला तरी उन्हाचा चुरा मागे राहतो. हे कळलं तेव्हा मला त्या फाटक्या चाळणीची आठवण झाली. मी कायम मोठ्या आवाजाच्या गिरणीकडेच बघत होते.

तरी बेनूने इथेही एक गंमत केली. 6 जानेवारी 2019 ला यानाच्या कॅमेऱ्यात लघुग्रहावरून कण उडताना दिसले, आणि नंतरही अनेकदा दिसले. काही परत पडले, काही निघून गेले. उन्हाने तडकलेले दगड, सूक्ष्म उल्कांचा मारा आणि खनिजांतून सुटलेलं पाणी अशी तीन कारणं पुढे आली. ऊनसुद्धा कधीकधी टवका उडवू शकतं, इतपत धडा मी त्यातून घेतला.

दगड कुठल्या जातीचा आहे

आता खडू आणि थर्माकोल काढा. दोन्हींवर हातोडीचा एकेक हलका ठोका मारा. खडूचा भुगा होतो. थर्माकोलला खळगा पडतो आणि तो तसाच राहतो, सुटं काहीच होत नाही. खडूलाही छिद्रं असतात, पण थर्माकोलमध्ये निम्म्याहून जास्त पोकळीच असते आणि ठोक्याची ताकद ती पोकळी दाबण्यात संपते.

यावर ओसायरिस-रेक्सची अख्खी मोहीम अडली होती. यान पोचण्याआधी दूरवरून बेनूचं औष्णिक जडत्व मोजलेलं होतं, म्हणजे संध्याकाळ झाल्यावर पृष्ठभाग किती चटकन गार होतो त्याचा आकडा. बारीक धूळ पटकन गार होते, घट्ट कातळ उशिरा. बेनूचा आकडा मधला आला. त्यावरून अंदाज बांधला की एकदोन सेंटिमीटरची खडी पसरलेली असणार, छान किनाऱ्यासारखी. 50 मीटर रुंद मोकळी जागा मिळेल या हिशेबाने उतरण्याची आखणी झाली. डिसेंबर 2018 मध्ये जाऊन बघतात तर सगळीकडे धोंडेच धोंडे. शेवटी नाइटिंगेल नावाची जी जागा निवडली तिथे मोकळा तुकडा होता साधारण 16 मीटरचा.

आकडा खोटा नव्हता. दगडच इतके सच्छिद्र होते की खडीएवढ्या चटकन गार व्हायचे. आमच्या प्रयोगशाळेच्या भाषेत, दोन वेगळे नमुने आणि वजन एकच. आणि दगड सच्छिद्र म्हणजे धडक बसली तरी भुगा कमी. म्हणून बारीक मालही कमी. पुढे 2021 मध्ये बेनूवरच्या मोजमापांनी हेच दाखवलं: जिथे दगड जास्त सच्छिद्र, तिथे बारीक चुरा कमी.

तेव्हा चौथं काम: लघुग्रहाची जात विचारा. इटोकावा हा घट्ट, खणखणीत दगडांचा. तिथे खडीची मैदानं आहेत. बेनू आणि र्‍युगू काळे, कार्बनी, फोफशे. तिथे धोंड्यांचं राज्य. र्‍युगूवर ऑक्टोबर 2018 मध्ये मॅस्कॉट हे छोटं यंत्र उतरलं तेव्हा धूळ कशी नाही, याचाच सगळ्यांना अचंबा वाटला.

चुरा बनल्यावर तो जागेवर राहत नाही

बरणीत पाच-सहा खडे तळाशी ठेवा, वर वाळू भरा, थोडी जागा मोकळी सोडा, झाकण लावून हलवत राहा. खडे वर येतात. हलताना खड्याखाली जराशी पोकळी झाली की वाळू तिच्यात शिरते, खडा पुन्हा खाली जाऊ शकत नाही. लघुग्रहावर बरणी हलवायचं काम धडका करतात. एवढ्याशा गुरुत्वावर किरकोळ धडकेचा हादरासुद्धा बराच पोचतो आणि दगड जागचे हलतात. पण बरणीवर आंधळा विश्वास ठेवू नका. बरणीला भिंती आहेत आणि आपलं गुरुत्व आहे. बेनूवर मीटरभर उंचीवरून सोडलेल्या खड्याला खाली टेकायला तीन मिनिटं लागतात. तिथली ढवळाढवळ फार आळसावलेली असते.

मोठे वर आले तर बारीक कुठे गेले? काही फटींतून खाली, काही उताराने सखल जागी. इटोकावावर म्युझेस सी नावाचा सपाट भाग आहे, तो नेमका गुरुत्वाच्या हिशेबाने सखल. तिथली खडी सेंटिमीटरच्या मापाची आहे, आणि त्याच्या कडेचे दगड एकावर एक कललेले दिसतात, पूर ओसरल्यावर नदीपात्रातले गोटे दिसतात तसे. पाण्याशिवाय! मी तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण काढून मोकळी झाले होते.

इथे नवशिक्यांची ठरलेली चूक होते. फोटोत खाली दिसणारी बाजू म्हणजे उतार नव्हे, आणि आकाराने खोल असलेली बाजूही नव्हे. लघुग्रह वेडावाकडा असतो आणि गरगर फिरत असतो. ओढ आणि फिरण्याचा झोत मिळून ‘खाली’ ठरतं. सूर्यप्रकाशाच्या रेट्याने लहान लघुग्रहांचं फिरणं लाखो वर्षांत वाढू शकतं, याला यॉर्प परिणाम म्हणतात. वेग वाढला की चुरा विषुववृत्ताकडे घसरतो, तिथे कंगोरा उभा राहतो आणि लघुग्रह भोवऱ्यासारखा दिसायला लागतो. शे-दोनशे मीटरहून मोठ्या लघुग्रहांमध्ये सव्वादोन तासांपेक्षा कमी वेळात एक फेरी घेणारे जवळपास सापडत नाहीत. नुसत्या ढिगाऱ्यातला चुरा त्याहून जोरात फिरला की विषुववृत्तावरून सुटायला लागतो.

आणखी एक वाहतूकदार आहे: वीज. सूर्याचे अतिनील किरण आणि सौरवारा, म्हणजे सूर्याकडून वाहत येणारे भारित कण, धुळीला भारित करतात, बारीक कण एकमेकांना ढकलून वर उसळतात. इरॉसच्या काही विवरांत तळाशी अगदी सपाट, गुळगुळीत थर दिसतो, जणू तळं साचलंय. ही तळी कशी साचली यावर अजून एकमत नाही. कुणी म्हणतं विजेने उसळलेली धूळ, कुणी म्हणतं हादऱ्यांनी उतरलेला बारीक माल, कुणी म्हणतं तिथे पडलेला एखादा धोंडाच उन्हाने जागच्या जागी विरला. सरावाला याहून चांगला धडा नाही. एखाद्या तळ्याचा फोटो घ्या आणि वर सांगितलेल्या खुणा एकेक लावून बघा. मला स्वतःला धोंड्याचं म्हणणं पटतं, कारण काही तळ्यांच्या मधोमध अर्धवट बुडालेला दगड दिसतो. पण माझ्या पटण्याला कोण विचारतंय.

रंग

रंगावर जास्त भरवसा ठेवू नका. सौरवारा आणि सूक्ष्म उल्का दगडाचा वरचा पातळ थर बदलतात. इटोकावासारख्यांवर जुना पृष्ठभाग काळपट-लालसर होतो आणि ताजा उघडा पडलेला उजळ दिसतो. पण बेनूवर बऱ्याच ठिकाणी उलटी तऱ्हा आहे, जुनं ते निळसर. तेव्हा रंगावरून वय सांगायच्या आधी दगडाची जात पुन्हा तपासा.

हात लावल्यावर काय कळतं

फोटो कितीही वाचा, नमुना हातात आल्याशिवाय माझ्यासारखीचं समाधान होत नाही. 20 ऑक्टोबर 2020 ला ओसायरिस-रेक्सचा हात नाइटिंगेलमध्ये टेकला आणि टेकून थांबलाच नाही. अर्ध्या मीटरच्या आसपास आत शिरला. वरचे दगड एकमेकांना जवळजवळ चिकटलेलेच नव्हते. नमुना गोळा करायच्या धक्क्याने तिथे आठेक मीटरचं विवर पडलं. त्याआधी, एप्रिल 2019 मध्ये, हायाबुसा-2 यानाने र्‍युगूवर दोन किलोचा तांब्याचा गोळा सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने मारला होता. दहा मीटरपेक्षा मोठं विवर पडलं. घट्ट जमिनीवर एवढ्या गोळ्याने असं काही होत नाही. दोन्ही ठिकाणचा चुरा म्हणजे नुकता ओतलेला, न दाबलेला ढीग.

मला सर्वांत आवडतो तो मात्र इटोकावाचा नमुना. जून 2010 मध्ये हायाबुसाची कुपी परत आली तेव्हा आत हजार-दीड हजार कण होते, बहुतेक दहा मायक्रोमीटरहूनही बारीक. डोळ्यांना कुपी रिकामीच. या कणांच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या तेव्हा काही धारदार होत्या, ताज्या फोडलेल्या खडीसारख्या, आणि काहींच्या कडा झिजून गोल झालेल्या. खडीच्या व्यवसायात आम्ही कोनदार आणि गोल असे दोन ढीग पहिल्या दिवशी शिकतो. गोल म्हणजे पाण्याने वाहून आणलेली, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे तर पाणी नाही. धडकांच्या हादऱ्यांनी कण एकमेकांवर घासत राहिले, त्याने कडा बोथटल्या असं संशोधक म्हणतात.

त्याच कणांत सौरवाऱ्याने पेरलेले आणि वैश्विक किरणांच्या माऱ्याने बनलेले वायू मोजले गेले आणि ते कण उघड्यावर किती काळ होते याचा हिशेब निघाला: ऐंशी लाख वर्षांपेक्षा कमी. सौरमालेचं वय साडेचारशे कोटी वर्षं. म्हणजे जुना चुरा कुठेतरी गेला आणि खालून नवा वर आला. इटोकावा दर दहा लाख वर्षांत दहा सेंटिमीटरच्या काही पट झिजतोय, असा त्यावरून अंदाज आहे. ज्या मैदानाला मी स्थिर समजून वर्षभर बघत होते, ती चालू यंत्रावरची चाळणी होती.

शेवटचा सराव

12 फेब्रुवारी 2001 ला नियर-शूमेकर इरॉसवर उतरलं. उतरण्यासाठी ते बनवलंच नव्हतं, तरी उतरलं आणि उतरता उतरता फोटो पाठवत राहिलं. शेवटचा फोटो 120 मीटर उंचीवरून घेतलेला आहे. रुंदी सहा मीटर. एका खोलीएवढी जमीन.

तो उघडा. आधी उजेडाची दिशा. मग वरच्या बाजूला फोटोच्या कडेने कापलेला मोठा दगड बघा. चार मीटरचा आहे. त्याच्या पायाशी तुकडे आहेत का? आहेत तर ते त्याला जुळतात का? मध्ये बारीक माल कुठे साचलाय, दगडाच्या कुठल्या बाजूला? चार-पाच पिक्सेलच्या वरचे दगड मोजा, आलेख काढा आणि रेषा कुठे वळते ते बघा. ती वळण्याचं कारण कॅमेरा की इरॉस, हे इथे ठरवणं अवघड आहे, कारण याहून जवळचा फोटोच नाही. माझ्या वहीत या एका फोटोचे सात वेगवेगळे आलेख आहेत.

फोटोच्या खालच्या भागात मात्र मोजायला काही मिळणार नाही, तिथे नुसते पट्टे आहेत. फोटो पाठवत असतानाच यान चुऱ्यावर टेकलं आणि संपर्क तुटला.